कात्रीवहिनीचा कागद

खोक्याला भुलणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. त्या माणसांत मीही आले, त्यामुळे राग काढायला घराबाहेर जावं लागत नाही, एवढीच काय ती सोय.

पॉवर सप्लाय म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लग्नानंतर चार वर्षं मलाही ठाऊक नव्हतं. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या पोटातल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाटून देणारी ती एक लोखंडी पेटी. घरातल्या वाढणाऱ्या बाईसारखीच तिची गत. नीट चाललं तर कुणी नाव घेत नाही, करपलं की सगळे धावून येतात. साध्या कॉम्प्युटरला लहान पेटी पुरते, व्हिडिओबिडिओची जड कामं असली तर दीड हजार वॉटची लागते. आणि ही दीड हजारवाली हल्ली येते कशी म्हणाल, तर काळ्या जाड पुठ्ठ्यात, वर सोनेरी अक्षरं, आत फोम, फोमात मखमली पिशवी, तारांची वेगळी पिशवी, आणि सगळ्यात वर एक कार्ड, 'अभिनंदन'. कसलं डोंबलाचं अभिनंदन? मी काय परीक्षा पास झाले? वीज वाटणाऱ्या पेटीला मखमल कशाला लागते, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

माझी वहिनी ती मखमल हातात धरायची, नाकाशी न्यायची, बाजूला ठेवायची आणि म्हणायची, हे झालं कपड्यांचं, आता माणूस बघू.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचा कॉम्प्युटरचा बाजार एका दुमजली इमारतीत आहे. खाली अकरा दुकानं आणि जिना चढून गेलं की तिची एक खोली. ती काही विकत नाही. बाजारात नवा माल आला की दुकानदार त्यातला एक खोका वर आणून देतात, ती तो उघडते, तपासते आणि एक कागद लिहून देते. तो कागद मग खाली दुकानादुकानांच्या भिंतीवर लागतो आणि गिऱ्हाईक तो वाचून खरेदी करतं. सगळं नवंकोरं उघडून झालं की शेवटी ती त्यातली एक तार कात्रीनं कापते. पहिल्यांदा कापली तेव्हा खोक्याच्या मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. तेव्हापासून बाजारात तिचं नाव कात्रीवहिनी. तोंडावर नुसतं वहिनी, पाठीमागे कात्री. तिला दोन्ही ठाऊक आहेत आणि दोन्हीचं तिला काही वाटत नाही.

हे तिला कुठल्या कॉलेजानं शिकवलेलं नाही. चौदा वर्षं ती ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तार गुंडाळायच्या कामाला होती. दिवसाला कितीतरी मैल तांबं बोटांखालून जायचं. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्या बायका रडल्या, ही सात दिवस झोपून राहिली आणि आठव्या दिवशी उठून म्हणाली, माझ्या बोटांना अजून तांबं कळतं, त्याचं काय करू? दादा म्हणाला, काहीतरी कर पण झोपू नकोस. माझा भाऊ शब्दाला महाग आहे, पण बोलतो ते बरं बोलतो.

तिची तपासायची रीत बघण्यासारखी आहे. आधी खोका न उघडताच कानाशी धरून हलवते. आत काही खुळखुळलं, तर स्क्रू सुटलाय. मग चिकटपट्टी बघते, एकावर एक दोनदा लावलेली असली की खोका आधी कुणीतरी उघडलेला. मग वजन. पेटीचं वेगळं, तारांचं वेगळं, आणि दोन्ही आकडे वहीत. पेटीच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवते. कापूस अडकला तर धार राहिलीय, उद्या बसवणाऱ्याचं बोट कापेल. जाळीतून बॅटरी मारून आतले डाग बघते, पंखा बोटानं फिरवून ऐकते. तारा शिंप्याच्या टेपनं मोजते. मग पूर्ण भार टाकून तासभर चालवायची आणि प्लगच्या मानेवर बोट ठेवून पन्नासपर्यंत आकडे म्हणायचे. पन्नासच्या आत बोट उचलावं लागलं तर नापास. आणि शेवटी कात्री. कापलेल्या तारेचा एक धागा घेऊन ब्लेडनं खरवडायचा. आतपर्यंत लाल निघाला तर तांबं. आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा. वरून कीर्तन, आतून तमाशा. असली तार लवकर तापते, आणि तापते ती नेमकी प्लगपाशी.

हे सगळं ती वहीत लिहायची. तिचं अक्षर म्हणजे औषधाच्या दुकानातल्या माणसालाही लागणार नाही असं. म्हणून कागदाची स्वच्छ नक्कल करायचं काम माझं. सकाळी घरचं आवरलं की मी वर जायची, तिची वही समोर ठेवून कागद लिहायची, ती खाली सही करायची. अक्षर माझं, सही तिची. प्रत्येक कागदात तीन भाग: खोका, बांधणी, तारा. आणि सगळ्यात शेवटी तिच्या वहीत दर वेळी एकच ओळ असायची: 'हा कागद मी उघडलेल्या या एका खोक्याचा आहे. नवा माल आला की पुन्हा उघडून बघावं.'

आता माझ्याबद्दल. खालच्या अकरा दुकानांतलं तिसरं दुकान आमच्या ह्यांचं. म्हणजे माहेरची माणसं वरच्या मजल्यावर आणि सासर खालच्या, मधे अठरा पायऱ्या. हे मी आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. लपवायचं होतं ते मी आधीच लपवून झाले होते.

गेल्या वर्षी एका दुपारी एक मुलगी वर आली. घरी बसून व्हिडिओ जोडायचं काम करणारी, तिशीच्या आतली. हातात रुमालाची पुरचुंडी. टेबलावर ती सोडली तर आत एक प्लग, वितळून चपटा झालेला, दोन पिना एकमेकींना चिकटलेल्या. दीड हजार वॉटच्या त्याच काळ्या-सोनेरी खोक्यातला. तिचं घर एका खोलीचं. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि कॉम्प्युटर ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून त्यांच्या पलंगाच्या पायाशी. ती दूध आणायला खाली गेली होती, यंत्र काम करत होतं. वर आली तर खोलीभर धूर, आणि पलंगावरून उठू न शकणारे वडील हातातल्या उशीनं धूर ढकलत होते.

वडील वाचले. तिनं भिंतीतलं बटण बंद केलं, एवढ्यावर निभावलं. ती रागावलेली असती तर बरं झालं असतं, मला रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. ती नुसती पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवती झाली. आमचाच, म्हणजे दुकानानं काढून दिलेली त्याची झेरॉक्स.

"मी हा वाचूनच घेतला होता," ती म्हणाली. "तारांना तुम्ही उत्तम लिहिलंय."

वहिनीनं कागद हातात घेतला. खाली तिची सही होती. ती सहीच्या वर बघत राहिली, मग कागद उलटा करून पाठीमागे बघितलं.

"शेवटची ओळ कुठं गेली?" ती म्हणाली.

मला ठाऊक होतं कुठं गेली. जिभेला हाड नाही म्हणून उभ्या बाजारात माझी ख्याती, आणि नेमकी त्या वेळी ती टाळ्याला चिकटली.

त्याच दिवशी वहिनीनं बाजारातून तसलाच नवा खोका वर मागवला. खोका तोच. मखमल तीच, कार्ड तेच, अभिनंदनही तेच. मॉडेलचा आकडासुद्धा तोच. तिनं तारांची पिशवी काट्यावर ठेवली आणि दोन वर्षांपूर्वीची वही उघडली. एकशे दहा ग्रॅम कमी. मग कात्री घेतली, धागा खरवडला. पांढरा. कंपनीनं खोका तोच ठेवून आतली तार बदलली होती, आणि वर पहिल्या तारेसाठी दिलेली वहिनीची सही नऊ दुकानांच्या भिंतींवर तशीच लटकत होती.

तिनं कंपनीला फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली की हो, तारांत सुधारणा केलेली आहे, त्या आता पूर्वीपेक्षा लवचीक आहेत. लवचीक! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी वहिनीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्या बाईला जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेऊन माझी तक्रार नोंदवल्याचं सांगितलं. माझा आवाज त्या दिवशी खालच्या चौथ्या दुकानापर्यंत गेला होता. आता कळतं की इतका मोठा आवाज कंपनीसाठी नव्हताच. आपल्या पोटात काही सलत असलं की माणूस दुसऱ्यावर जास्त ओरडतो, आणि मी तर त्यात पदवीधर.

वहिनीला एकच गोष्ट दिसत होती. नऊ भिंतींवर तिचं नाव आहे, लोक ते वाचून तो खोका घरी नेताहेत, आणि प्रत्येक घरात धूर ढकलायला कुणीतरी जागं असेलच असं नाही. ते कागद उतरवायचे, आजच्या आज. ती जिना उतरली. मी मागोमाग.

पहिलं दुकान बाजारातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचं. त्यांना सगळे काका म्हणतात. वहिनीनं पहिला कागद लिहिला तो त्यांच्याच खोक्याचा, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं तेही त्यांच्याच. तिनं भिंतीवरचा कागद उतरवून त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं की खालची ओळ कुणी कापली? कागद चौकटीत बसावा म्हणून तुम्ही कापलीत का? की गिऱ्हाईक बिचकतं म्हणून?

काकांनी चष्मा पुसला, कागद बघितला. कडा सरळ होत्या, कापल्याची खूण नव्हती. पण वहिनी तेव्हा कडा बघायच्या अवस्थेत नव्हती. ती, जी चिकटपट्टी दोनदा लावलीय हे हाताभरावरून ओळखते.

"पोरी," काका म्हणाले, "इतकी वर्षं तू माझा माल कापतेस. मी तुझा कागद कधी कापला नाही."

वहिनी म्हणाली की मग ओळ गेली कुठं, उडून गेली? काकांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद तिच्या हातातून घेतला, नीट घडी घातली, परत दिला आणि गिऱ्हाइकाकडे वळले. सत्तरीचा माणूस, आणि त्याच्यावर चारचौघांत बेइमानीचा आळ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि चोर तिच्या मागे दोन पावलांवर पदर खोचून उभी होती.

दुसऱ्या दुकानात जायच्या आधी मी तिला जिन्यापाशी थांबवलं.

"वहिनी, ओळ मी गाळली."

ती वळली. मग मी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आमचे हे जेवताना म्हणाले होते की सगळा कागद उत्तम असतो, पण शेवटच्या ओळीनं गिऱ्हाईक बिचकतं. पुन्हा उघडून बघावं म्हणजे काय, यांचा स्वतःवर भरवसा नाही का, असं विचारतात. मलाही ते पटलं. जेवायला बोलवायचं आणि नाही आवडलं तर उठा म्हणायचं, तशी ती ओळ मला वाटली. तिचंच भलं होईल, तिचं नाव मोठं होईल, असं मी मनाशी म्हटलं. आणि आमच्या दुकानाचंही, हे मनाशी म्हटलं नाही पण होतंच. दुसऱ्या दिवशी नक्कल करताना ती ओळ लिहिली नाही. कागद तिच्यापुढे सरकवला, तिनं सही केली. न वाचता. अख्ख्या जगाचे स्क्रू मोजणारी बाई माझ्या हातचं कधी वाचत नव्हती, कारण मी घरची.

मला वाटलं होतं ती चिडेल. माझी तयारी होती. चिडली असती तर मीही दोन शब्द बोलले असते, तूही न वाचता सह्या का करतेस म्हणाले असते, आणि भांडण होऊन प्रकरण बरोबरीत सुटलं असतं.

"किती कागदांवर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, त्या दिवसापासूनच्या सगळ्या. एकोणतीस.

ती पायरीवर बसली. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. मग उठून ती म्हणाली, "आधी काकांकडे चला, वन्सं." वन्सं ती मला एरवी थट्टेत म्हणायची. थट्टेत नसलेलं वन्सं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

काकांकडे मी बोलले. त्यांनी ऐकलं, वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग त्यांनी स्वतःच फळीवरचे काळे-सोनेरी खोके उतरवून आत नेले. मला मदत करू दिली नाही.

वहिनीनं ठरवलं ते असं. जुने कागद नुसते फाडून भागणार नाही, कारण फाडला तर काय लिहिलं होतं आणि का काढलं, हे कुणाला कळणार नाही. त्याच कागदावर, सहीच्या खाली, लाल शाईनं लिहायचं: 'खोका तोच आहे, तार बदलली आहे. ही सही आता धरू नये.' बाकीच्या अठ्ठावीस कागदांवर गाळलेली ओळ परत लिहायची. आणि ज्या हातानं गाळली त्याच हातानं. म्हणजे माझ्या. गिऱ्हाईक समोर असलं तरी.

दोन दिवस मी दुकानादुकानांत स्टुलावर चढून भिंतीवर लिहीत होते. काय काय ऐकलं म्हणून सांगू. एकानं विचारलं, बाई, आता उरलेल्या मालाचं आम्ही लोणचं घालायचं का? दुसरा म्हणाला, तारच तर आहे, वीज जाते ना आतून? मी स्टुलावरूनच त्याला विचारलं की तुझ्या आईच्या पलंगाच्या पायाशी ठेवतोस का हा खोका? तो कानावर हात ठेवून आत गेला. एकानं मी लिहिलेल्या लाल ओळीवर कॅलेंडर लावलं. मी ते काढलं, त्यानं परत लावलं, मी परत काढलं. चौथ्यांदा तो दमला. रागाचा एक फायदा असतो, पाय दुखत नाहीत.

आठ भिंती झाल्या. नववी आमच्या ह्यांची.

वहिनी त्या दुकानात यायला तयार झाली नाही. म्हणाली, तिथला कागद तुझा तू बघ. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे तिला बरोबर कळलं होतं. घरी मी आदल्या संध्याकाळी विषय काढला होता. आमचे हे काही वाईट मनुष्य नाहीत. दुसऱ्या दुकानदारानं असलं काही केलं असतं तर हेच म्हणाले असते की लाज नाही मेल्यांना. पण आपला तो बाब्या. बत्तीस खोके फळीवर आहेत, ते म्हणाले, तेवढे जाऊ देत, मग तुझा कागद लाल कर नाहीतर हिरवा कर. आणि ओळ गाळायला मी सुचवलं होतं हे बाजारात सांगत फिरायची गरज नाही. मी म्हटलं, तुमचं नाव मी कुठंच घेतलेलं नाही. ते म्हणाले, मग झालं तर. त्यांना त्यात समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचा मला जो संताप आला, तो वितळलेला प्लग बघूनही आला नव्हता.

सकाळी मी लाल पेन घेऊन दुकानात गेले तेव्हा आत एक गिऱ्हाईक होतं. साठीचे गृहस्थ, निवृत्त शिक्षक असावेत, कागदाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होते. काउंटरवर काळा खोका ठेवलेला. आमचे हे त्यांना सांगत होते की वाचा, सावकाश वाचा, सही आमच्या घरातलीच आहे. आणि मला दारात बघून, माझ्या हातातलं पेन बघून, त्याच दमात म्हणाले, "ह्या बघा आल्याच. अक्षर ह्यांचंच आहे."

गृहस्थांनी वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा भल्या माणसाचा. त्यांची मुलगी नकाशे काढायचं काम करते, घरूनच, तिच्यासाठी घ्यायचंय, असं त्यांनी मला सांगितलं. मग विचारलं, "घेऊ ना मग?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. विनवून. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्या नजरेला मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

"नका घेऊ," मी म्हटलं. "कागद जुन्या तारेचा आहे. खोक्यात आता ती तार नाही. आणि हे सांगणारी एक ओळ कागदात होती, ती मी गाळली."

गृहस्थ पुन्हा कागदाकडे वळले, मग माझ्याकडे. त्यांचा भला चेहरा हळूहळू लाल झाला.

"दोन मिनिटांपूर्वी हे म्हणत होते कागदावर विश्वास ठेवा," ते म्हणाले. "आता तुम्ही म्हणता कागदावर नको, तुमच्या बोलण्यावर ठेवा. ओळ गाळणाऱ्या बाईच्या बोलण्यावर. का ठेवायचा मी?"

चार दिवस मी साऱ्या बाजाराला उत्तरं देत होते. कंपनीला दिलं, कॅलेंडरवाल्याला दिलं. हा माणूस मात्र सोळा आणे खरं बोलत होता, आणि तेच कुणीतरी मला तोंडावर म्हणायला हवं होतं.

मी खोका पुढे ओढला आणि फोडला. ह्यांचा हात अर्धवट उचलला गेला आणि खाली आला. मखमल बाजूला केली, तारांची पिशवी उलटी केली, एक तार मोकळी करून त्या गृहस्थांसमोर ठेवली. काउंटरवरची कात्री तिच्या शेजारी ठेवली, ब्लेड ठेवलं.

"नका ठेवू विश्वास," मी म्हटलं. "तुम्हीच कापा."

त्यांना आधी ती चेष्टा वाटली. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कात्री उचलली. नवीकोरी वस्तू कापायची सवय नसलेला माणूस. तार कात्रीच्या पात्यांतून सरकून जात होती. दोनदा निसटली. मी मदत करणार नव्हते, कापणारा हात माझा नको होता.

तेव्हा आमच्या ह्यांनी काउंटरच्या पलीकडून हात पुढे केला आणि तारेचं दुसरं टोक ताणून धरलं.